गाऱ्हाण्याचं शेपूट

आबांसाठी बटाटेवडे आणायला जाणं ही आमच्या चाळीत शिक्षा समजली जाई. वडे नाक्यावर मिळत, नाका हाकेच्या अंतरावर होता, पण आबांच्या दारातून सुटका होईपर्यंत पाय दुखायचे.

"दोन वडे आण. गरम आण. पण गरम सांगलंय म्हणान थंड झालेले परत तळून घेव नको. चटणी सुकी. सुकी नसली तर नसली, ओली आणू नको. वडे संपले असले तर भजी आणू नको, परत ये. पण परत येताना धाव नको. पडशीत."

एवढं ऐकून होईपर्यंत वडे खरोखरच संपलेले असत. एकदा मी वैतागून म्हटलं, "आबा, तुम्हीच का जात नाही?"

"मी गेल्यार माका कोण सांगतलो?" आबा म्हणाले. त्यांना ते इतकं पटलेलं होतं की मलाही क्षणभर पटलं.

आबा आमच्यापासून दोन खोल्या सोडून राहायचे. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कापड विणायला होते. काटकुळे, सदऱ्याचं वरचं बटण कायम लावलेलं, आणि आवाज मात्र असा की लालबागला बोलले तर परळला दूध उतू जाईल. साचेखात्यात शेकडो मागांच्या खडखडाटात आवाज कुणाला पोचतच नसे. तिथली माणसं नुसते ओठ हलवून बोलत आणि समोरचा ओठ वाचून उत्तर देई. आबा घरीही तसंच करायचे. काकींशी, म्हणजे बायकोशी, त्यांचं भांडण झालं की ते गॅलरीच्या एका टोकाला, काकी दुसऱ्या टोकाला, आणि दोघांचे ओठ सुपासारखे हलतायत. आवाज शून्य. आम्ही पोरं मध्ये बसून दोन्हीकडे माना फिरवत ते भांडण वाचायचो. आयुष्यात मी जी काही एकमेव परभाषा शिकले ती ही. इंग्रजीत मी दोनदा नापास झाले आहे.

आबांची खरी ओळख मात्र गाऱ्हाण्याची. कोकणातल्या माणसांना सांगायला नको, पण माझ्या पुणेरी जावेला मला समजवावं लागलं होतं, म्हणून सांगते. होळी असो, पूजा असो, नव्या पंपाचं उद्घाटन असो, आधी एकजण नारळ हातात घेऊन सगळ्यांच्या वतीनं देवाला विनवतो. प्रत्येक मागण्यामागून जमलेली माणसं एका आवाजात "होय म्हाराजा!" म्हणतात. जाऊबाई म्हणाली, "म्हणजे ठराव आणि अनुमोदन." तसंच. फरक एवढाच, की इथे इतिवृत्त देवाकडे जातं.

आमच्या चाळीचं गाऱ्हाणं आबाच घालायचे. आम्ही पोरं पाठीमागे त्यांना 'होय म्हाराजा'च म्हणायचो. त्यांचे नियम ठरलेले. एका वर्षी कमिटीने गाऱ्हाणं सुबक अक्षरात लिहून त्यांच्या हातात दिलं, तर त्यांनी कागदाची घडी घालून परत केली. "लिवलेला गाराणा म्हणजे पोस्टकार्ड. पोचला तर पोचला. तोंडातून निघता आणि माणसा होय म्हणतत, ता गाराणा. एकदा होय झाला की झाला. मगे मागे घेवक गावना नाय."

सगळ्यांना हा विक्षिप्तपणा वाटे. मलाही वाटायचा. पण मी त्यांचं पहिलं गाऱ्हाणं ऐकलेलं होतं, आणि त्या दिवसापासून मला त्याची थोडी भीतीही वाटत आलेली आहे.

संप सुरू झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. बाबाही त्याच गिरणीत. आई आम्हाला घेऊन गेटवर गेली होती, जत्रेला जावं तशी. गेटसमोर माणसांचा समुद्र. कुणीतरी ओरडलं, "गाराणा घाला रे!" आणि तरुण आबांना पुढे ढकललं. त्यांच्या हातात नारळ आला. आबांनी गिरणीच्या चिमणीकडे बघून आवाज लावला:

"बा देवा म्हाराजा! आमचो न्याय झाल्याशिवाय ह्या गिरणीचो भोंगो वाजाक नको!"

"होय म्हाराजा!"

"आमचो एकय गडी ह्या गेटातून आत जावक नको!"

"होय म्हाराजा!"

तो गजर माझ्या छातीत अजून आहे. नारळ फुटला, खोबरं वाटलं, मला मोठा तुकडा मिळाला म्हणून मी खूश.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. भोंगा पुन्हा वाजला नाही. गडी आत गेले नाहीत. आधी जायचं नाही म्हणून गेले नाहीत, मग जायला गिरणीच उरली नाही म्हणून गेले नाहीत. बाबा गावी गेले ते निम्मेच होऊन परत आले. आईने खानावळ घातली. आणि आबा? आबा एका दुपारी गॅलरीत उभे होते. भोंग्याची वेळ झाली, भोंगा वाजला नाही, आणि त्यांनी कठड्याला घट्ट धरलं. मी शेजारी चिंचा खात होते.

"चेडवा," ते म्हणाले, "देवान आयकला गो."

"काय ऐकलं, आबा?"

"मी सांगलंय ताच. भोंगो वाजाक नको. कोण आत जावक नको. ताच दिल्यान." मग त्यांनी कठडा सोडला. "न्याय लवकर होवंदे, ह्या सांगूक इसारलंय मी."

चाळीत लोक हसले. माझे बाबाही हसले, आणि त्या वर्षात ते क्वचितच हसत. "आबा, एवढी मोठी गिरणी तुमच्या एका नारळाने बंद पडली होय? मग मालकांनी काय केलं? सरकारने काय केलं?"

"तेंनी तेंचा केला. मी माझा केलंय."

तेव्हापासून आबांच्या प्रत्येक बोलण्याला 'पण'चं शेपूट फुटलं. वड्यांपासून देवापर्यंत. "देव बहिरो नाय," ते मला सांगायचे. "बहिरो असतो तर बरा होता. तो आयकता, आणि आयकता तसाच देता. थंयच भीती. आयकणारो जितको मोठो, तितको मागणाऱ्यान सांभाळून मागूक होया."

पुढे गिरणीच्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली आणि आबा तिच्यात लिफ्टमन झाले. तिथेही तेच. टाय लावलेला साहेब "वर" म्हणाला की आबा विचारणार, "वर म्हणजे कितव्या? आणि थंय उतरतलात की नुसतेच बघतलात?" तक्रारी झाल्या. मग लिफ्टलाच बोलणारा आवाज बसवला आणि आबा घरी बसले.

आता शेपटाबद्दल. त्यात सगळी गोष्ट आहे.

संपानंतर माणसं खोल्या विकून डोंबिवली-विरारला निघाली तेव्हापासून होळीच्या गाऱ्हाण्यात आबांचं एक मागणं ठरलेलं असायचं: "ह्या चाळीतलो एकय माणूस भायर पडाक नको!" त्यावर "होय म्हाराजा!" असा उठायचा की होळीची लाकडं हलावीत. वर ढोल, वर बोंबा. आणि त्या गोंगाटातच आबा मान खाली घालून, नारळाशी बोलल्यासारखं, हळूच पुढचं सांगायचे: "पण कोणाक जावचाच लागला, तर सुखान जावंदे. आणि परत येवची वाट उघडी ठेव."

हे कुणालाच ऐकू जात नसे. मला कळायचं, कारण मी नारळाचं ताट धरून त्यांच्या पुढ्यात उभी असायचे आणि मला ओठ वाचता यायचे. लग्नानंतर मी त्याच चाळीत वरच्या मजल्यावर सासरी गेले (माझं माहेर सोडून जाताना मी जिना चढत रडले, असं नवरा सगळ्यांना सांगतो), त्यामुळे ताट माझ्याकडेच राहिलं. एकदा विचारलं, "आबा, शेपूट मोठ्याने का नाही सांगत?"

"लोकांक 'पण' आयकूक आवडना नाय. 'पण' मोठ्यान सांगलंय तर होय म्हणतले नाय."

माझी मुलगी सई. ती त्या काचेच्या इमारतीसारख्याच एका इमारतीत, लोअर परळला, यंत्रांना मराठी शिकवते. म्हणजे नेमकं काय करते हे मला तिने अनेकदा समजावलंय आणि मी प्रत्येक वेळी 'अच्छा' म्हटलंय. आबांनी मात्र नीट विचारलं. आमच्याकडे चहाला आले होते.

"तुम्ही तेका शिकवतास कशे?"

"खूप सारं ऐकवतो, आबा. लाखो माणसांचं बोलणं. मग ते पुढचा शब्द काय येईल ते ओळखायला शिकतं."

"मीय ओळखतंय. पण ओळखल्यार माका भीती वाटता, की ह्या बोलूचा की नाय. तेका वाटता?"

सई हसली. "नाही हो आबा, त्याला काही वाटत नाही."

"आणि सांगला ता करता?"

"म्हणजे, हो. करायला शिकतंय हळूहळू. फक्त नीट सांगावं लागतं. तुम्ही वडे सांगता ना, तसं."

मला वाटलं, आबा खूश होतील. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "चुकीचा शिकला तर?"

"तर अवघड आहे. आमटीत मीठ जास्त पडलं की काढता येतं का? तसंच. एकदा शिकलं की त्यातलं एवढंसं उचलून बाहेर नाही काढता येत."

"देव बरो," आबा म्हणाले. "देवाक निदान मनातला कळता असा म्हणतत." आणि चहा तसाच टाकून गेले. सई म्हणाली, "आई, आमच्या ऑफिसात ह्यावर परिषदा भरवतात गं, आबांनी अर्ध्या कपात संपवलं."

त्यानंतर काकी गेल्या. आणि नंतर आबांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आवाजही गेला. गळ्यावर एक भोक आणि त्यावर पांढरी पट्टी. गॅलरीत आबा उभे असत, ओठ हलवत. पण समोरच्या टोकाला वाचणारं कुणी नव्हतं, आणि मी गेले की ते ओठ मिटून घेत. बाकी कामासाठी पाटी-पेन्सिल होती. पाटीवर 'पण' मावत नसे. 'चहा' एवढंच लिहायचे. ते वाचून मला चहा करवत नसे.

सईलाही ते बघवेना. एके दिवशी ती त्यांच्यासमोर बसली. "आबा, तुमचा आवाज परत आणून देऊ? चाळीतल्या होळीच्या जुन्या टेप आहेत, शूटिंग आहेत, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ आहेत. ते सगळं ऐकवलं की मशीन तुमच्यासारखं बोलेल. तुमच्यासारखं गाऱ्हाणंही घालेल."

मला वाटलं, आता पाटी भरून अटी येणार. आबांनी पाटी उचलली, पेन्सिल हातात घेतली, आणि मग नुसती मान हलवली. वडे मागतानाही अटी घालणाऱ्या माणसाने पहिल्यांदा काहीतरी बिनशर्त मागितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण मी जाहिराती बघूनसुद्धा रडते.

ती होळी आमची चाळीतली शेवटची ठरलेली होती. पालिकेची 'अतिधोकादायक' नोटीस लागली होती. तळमजल्यावर लोखंडी टेकू, जिन्याच्या एका वळणाखाली लाकडी टेकू. भात वाढताना वरून माती पडायची आणि आम्ही ती बोटाने बाजूला करून जेवायचो. पावसाळ्याआधी सगळ्यांनी, चाळ नव्याने बांधून होईपर्यंत, वडाळ्याच्या संक्रमण शिबिरात जायचं, असं मोठ्या भांडणांनंतर ठरलं होतं. सर्वांत जास्त भांडला होता बाळा, आमचा सेक्रेटरी. तोही गिरणीकामगाराचाच मुलगा. "एकदा भायर पडलो की परत आत घेतलो कोण?" तो विचारायचा. "आमच्या बापाशींका विचारा. तेय गेटाभायर थोड्या दिवसांसाठीच उभे रवलेले." तरी त्याने सही केली होती.

संध्याकाळी होळी रचली. आबा नवा सदरा घालून, नारळ घेऊन उभे. मी ताट घेऊन पुढ्यात. सईने स्पीकर त्यांच्या मागच्या स्टुलावर ठेवला आणि मोबाइलवर बोट दाबलं.

"बा देवा म्हाराजा!"

चाळ थिजली. तोच आवाज. ऑपरेशनच्या आधीचा, काकी गेल्या त्याच्याही आधीचा, कदाचित गेटवरचाच. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या सरोजमावशीने पदर तोंडाला लावला. आबांच्या हातातला नारळ माझ्या ताटात पडला.

"होय म्हाराजा!" कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळ्यांचा बांध फुटला. आवाज एकेक मागत गेला. लेकरांची राखण कर. होय म्हाराजा. इडापिडा टळांदे. होय म्हाराजा. लय तीच, श्वास तिथेच. आबा डोळे मिटून उभे होते, आणि मी बघितलं, त्यांचे ओठ आवाजाबरोबर हलत होते.

"ह्या चाळीतलो एकय माणूस भायर पडाक नको!"

"होय म्हाराजा!"

ढोल वाजला, बोंबा झाल्या. मीही ओरडले. सवयच ती. ओरडून झाल्यावर नेहमीप्रमाणे ओठांकडे पाहिलं. आबा मान खाली घालून सांगत होते, 'पण कोणाक जावचाच लागला...' आणि स्पीकर पुढच्या मागण्याकडे निघून गेला होता.

आबांनी डोळे उघडले. मागे वळून स्पीकरकडे बघितलं. त्या नजरेला मी भूत बघितल्याची नजर म्हणणार नाही. भूत निदान मेलेल्या माणसाचं असतं.

ते हात हलवू लागले, थांबा, थांबा. लोकांना वाटलं, आबा रंगात आलेत. बाळाने त्यांना मिठी मारली.

शेपूट गेलं कुठे ते मला रात्रीच्या पुरणपोळीबरोबर कळलं. सई म्हणाली, "आई, कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये 'पण' नाहीये. तिथे नुसता तुमचा आरडाओरडा आहे. मशीनला वाटलं, गाऱ्हाणं असंच असतं." वर्षानुवर्षं आम्हीच 'होय' ओरडून तो बुजवला होता. यंत्राने आमच्याकडून प्रामाणिकपणे तेवढंच घेतलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून चाळ बदलली. बाळा घरोघर फिरू लागला. "आबांनी गाराणा घातला. सगळ्यांनी होय केला. एकय माणूस भायर जावचो नाय." ज्यांना मनातून जायचं नव्हतं त्यांना निमित्त मिळालं, ज्यांना जायचं होतं त्यांना भीती पडली. देवाला होय म्हणून मग सामान कसं बांधायचं? सरोजमावशीने बांधलेलं बोचकं सोडलं. माझ्या नवऱ्यानेसुद्धा, ज्याचा देवावर विश्वास फक्त क्रिकेट चालू असताना असतो, खोके माळ्यावर परत टाकले.

आबा पाटी घेऊन बाळाकडे गेले. मी सोबत होते. पाटीवर लिहिलं होतं: 'ता माझा गाराणा नाय.'

"आवाज तुमचोच होतो मा?" बाळा म्हणाला.

आबांनी पुसलं, लिहिलं: 'अर्धा.'

"आबा, रागावू नकात. पण लिवलेला गाराणा म्हणजे पोस्टकार्ड, ह्या तुम्हीच शिकवलात. एकदा होय झाला की झाला, ह्याय तुम्हीच."

मी म्हटलं, "अरे बाळा, पुढे 'पण' असतो. मी स्वतः वाचलाय त्यांच्या ओठांवर, दरवर्षी."

"वैनी, तुम्ही वाचलात. मी आयकलंय." आणि मग हळूच, "माका परत गेटाभायर उभा रवाचा नाय, वैनी." तो आबांना फसवत नव्हता. तो घाबरला होता, आणि त्याला घाबरणं सोपं करणारा एक आवाज मिळाला होता.

त्याच आठवड्यात जिन्याचं ते वळण खचलं. सरोजमावशीचा पाय नुकताच पुढच्या पायरीवर पडला होता. मागची पायरी खाली गेली. धुरळा बसल्यावर बाळा म्हणाला, "बघा, कोणाक काय झाला नाय. राखण आसा." लोकांनी मान हलवली. मला त्या मान हलवण्याचीच जास्त भीती वाटली.

सई रडकुंडीला आली. "आबा, मी टाइप करते. 'पण'सकट. तुमच्या आवाजात, मोठ्याने, सगळ्यांना ऐकवू. दोन मिनिटांचं काम आहे."

मला तर सुटल्यासारखं झालं. आबांनी मात्र मोबाइल हाताने बाजूला सारला. मग माझ्याकडे वळून त्यांनी ओठ हलवले. काकी गेल्यापासून पहिल्यांदा कुणाशी तरी. मी मोठ्याने वाचलं, सईसाठी: "आज ता 'पण' म्हणतला. उद्या कोणी दुसऱ्यान टाइप केला तर माझ्या आवाजात काय म्हणतला?"

सईने मोबाइल खिशात टाकला.

ट्रक यायचा दिवस आला. ट्रक गेटात उभे राहिले, पालिकेचा माणूस उभा राहिला, आणि चाळ आपापल्या गॅलऱ्यांत उभी राहिली. कुणी हलेना. टेकूंवर उभं राहून सगळे खाली बघतायत, असं ते दृश्य. माझा हात कठड्यावर होता आणि कठड्यात बारीक कुरकुर चाललेली मला तळव्याला जाणवत होती.

आबा खाली उतरले. खचलेल्या वळणावर बाळानेच हात दिला त्यांना. अंगणाच्या मध्यावर, होळीची राख अजून काळी होती तिथे, ते उभे राहिले. काखोटीला एक वळकटी, हातात नारळ. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. मी ताट घेऊन धावले. धावू नको, पडशीत, असं त्यांच्या ओठांवर आलं, आणि मी खरंच पडता पडता वाचले.

आबांनी सगळ्या गॅलऱ्यांवरून नजर फिरवली आणि तोंड उघडलं.

आवाज नाही. गळ्यावरच्या पट्टीतून नुसता वारा, फुस्स, फुस्स. आधी पोरं हसली. मग कुणीतरी त्यांना दटावलं. मग हळूहळू अशी शांतता झाली, जी त्या चाळीत मी कधीच ऐकली नव्हती. आबांचं बोलणं कळावं म्हणून सगळे पुढे वाकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चाळ गाऱ्हाणं ऐकत होती.

बा देवा म्हाराजा. ते सगळ्यांना कळलं. एकय माणूस भायर पडाक नको. तेही. इथे होय म्हणायची जागा होती. कुणी म्हणालं नाही. कारण आबांनी हात वर केला होता. त्या मोकळ्या ठेवलेल्या जागेत त्यांचे ओठ मिटले आणि उघडले: पण.

पण कोणाक जावचाच लागला, तर सुखान जावंदे. आणि परत येवची वाट उघडी ठेव.

हे मी वाचलं. मग त्यांनी मान खाली घातली, नारळ तोंडाजवळ घेतला आणि आणखी काहीतरी मागितलं. एक अख्खं वाक्य. ते मला दिसलं नाही. नारळ आड आला.

मग मान वर करून ते थांबले. माझ्याकडे बघत.

काय मागितलं ते मला ठाऊक नव्हतं. न ऐकता होय म्हणण्यातूनच तर हे सगळं झालं होतं. गेटवर तेच, होळीला तेच. आणि समोर तोच माणूस, ज्याने आयुष्यभर मला बजावलं की सांभाळून मागावं, एकदा होय झालं की झालं, माझ्या होयसाठी थांबला होता. मी न म्हणते तर त्या कठड्यांवर माणसं तशीच उभी राहणार होती.

"होय म्हाराजा," मी म्हटलं. माझा आवाज चिरका आहे. अंगाईलाही मुलं उठून बसायची. त्या शांततेत तो पत्र्यासारखा वाजला.

वरून सरोजमावशी म्हणाली, "होय म्हाराजा." मग एक, मग आणखी एक. बाळा सर्वांत शेवटी, आणि अगदी हळू, स्वतःशीच.

आबांनी नारळ फोडला, वळकटी उचलली आणि गेटाबाहेर पडले. त्यांच्या मागून बोचकी उतरायला लागली.

चाळ पडली नाही, पाडली. आम्ही वडाळ्याला आहोत. परत जायला मिळेल की नाही ते देवाला माहीत, आणि त्या देवाला आबांनी शेवटी नेमकं काय सांगून ठेवलंय ते मला माहीत नाही. विचारायचं राहूनच गेलं. शिबिरात आबा फार दिवस नव्हते. झोपेतच गेले, ओठ किंचित उघडे. मी ते वाचायचा प्रयत्न केला, हे कुणाला सांगू नका.

दिवसकार्य झाल्यावर सई माझ्याजवळ येऊन बसली. ट्रकच्या दिवशी तिच्या मोबाइलवर शूटिंग चालू होतं. "आई, हे बघ. गाऱ्हाणं शिकलेल्या त्याच मशीनने आपणहून लिहून काढलंय, आबा त्या दिवशी काय बोलले ते. आवाज नव्हता तरी. आता ते ओठांवरूनही ओळखतं."

मी चष्मा लावला. सुंदर गाऱ्हाणं होतं. आबांची लय, आबांचे शब्द. नारळ आड आला होता तिथेही एक पूर्ण वाक्य होतं, कुठेही न अडखळलेलं: 'आमका सगळ्यांका एकत्र ठेव, आणि आमी मागू ता दी.' मी पुन्हा वरपासून वाचलं. हळू, बोट फिरवत. एकय माणूस भायर पडाक नको. त्यापुढे थेट हेच.

'पण' नव्हता. मी डोळ्यांनी बघितलेला, शंभर माणसांनी श्वास धरून बघितलेला 'पण' त्यात कुठेच नव्हता.

"पुसून टाकू?" सईने विचारलं.

"पूस," मी म्हटलं. "पण आधी मला सांग. तू पुसलंस म्हणजे ते विसरतं का?"

सईने मोबाइल हळूच पालथा ठेवला, आणि त्याच्या आत काही आहे की नाही ते ऐकत असल्यासारख्या आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो.